सोमवारी ठरवू म्हणाला होतास

कुत्रं आणलं, संदीप. जॅक रसेलच आणलं. पांढरं अंग, डाव्या डोळ्यावर तपकिरी डाग, आणि घरात आल्यापासून एका जागी मिनिटभर बसलेलं नाही. हे लिहितेय तर ते पडद्याचं टोक दातात धरून मागं मागं सरकतंय आणि पडदा फाटतोय. फाटू दे. उठायचं त्राण नाही माझ्यात.

तू जिंकलास. पण असं जिंकतात का? मी अजून हरले नव्हते. माझे मुद्दे शिल्लक होते.

तुला जाऊन दोन महिने झाले. लोक विचारतात, कशी आहेस. मी बरी आहे म्हणते आणि लॅबमध्ये पुढच्या माणसाच्या दंडाला पट्टा बांधते, सुई टोचते, रक्त काढते. तुला खरं सांगते, मला काही सुधरत नाही. तुझ्याशी बोलायचं सगळं त्या भांडणाच्या अर्ध्यात अडकून पडलंय. म्हणून तिथूनच सुरू करते.

मनूच्या दहाव्या वाढदिवसाला तू शब्द देऊन बसलास. सतरा वर्षं फौजेत काढून तीन वर्षांपूर्वी तू परत आलास, तोवर तिच्यासाठी तू सुट्टीवर येणारा माणूस होतास. पेटी घेऊन येणारा आणि पेटी घेऊन जाणारा. त्याची भरपाई म्हणून की काय, ती मागेल ते तू द्यायचास. कुत्रं पाहिजे म्हणाली. "देऊ की. त्यात काय," म्हणालास. मला विचारलंही नाहीस.

मग मीही हट्टाला पेटले. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, लिफ्ट नाही, इथं मोठं कुत्रं चालणार नाही हे तुला पटलं. लहान जातीचं घ्यायचं, टेरियर घ्यायचं, इथपर्यंत आपलं जमलं. पुढं काही जमेना. तुला जॅक रसेल हवं होतं, मला लांब केसांचं यॉर्की.

कुठल्याशा छावणीत साहेबांच्या बंगल्यावर एक जॅक रसेल होतं, ते कंपाउंडवरून उडी मारून रोज सकाळी जवानांच्या पीटीत यायचं. ही गोष्ट मनूला तोंडपाठ झाली होती. "लय हुशार जात हाय," तू म्हणायचास. "कुत्रं कसं जिवंत पाहिजे. तुझं ते यॉर्की म्हंजे बाहुली. काय, वेण्या घालायच्यात का त्याला?"

"घालीन वेण्या," मी म्हणायचे. "तीन किलोचं कुत्रं. मांडीवर बसेल, केस गळणार नाहीत, घरातल्या घरात चाललं तरी त्याचं भागेल. तुझं ते दिवसातून दोनदा पळवावं लागेल. नाही पळवलं तर सोफा खाईल."

"सोफा जुनाच हाय."

"आणि यॉर्की बाहुली नाही. त्या जातीची कुत्री पूर्वी कापडाच्या गिरणीत उंदीर मारायची. वाचलंय मी."

"वाचलंय व्हय. मग हितं उंदीर मारून वेणी सुटली की पुन्हा बांध."

मनू हसून हसून लोळायची. तू तिच्या गणिताच्या वहीत मागच्या पानावर मधोमध रेघ मारलीस, एका बाजूला जॅक, एका बाजूला यॉर्की, आणि तिला न्यायाधीश केलंस. ती दोघांनाही सारखे गुण द्यायची, म्हणजे भांडण दुसऱ्या दिवशी चालू राहावं. गॅलरीच्या कठड्यावर चहाचे कप, खाली कॉलेजच्या पोरांच्या गाड्या, आणि आपण दोघं भांडतोय. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. त्यातली अकरा मी तुझ्याशी फोनवर भांडले, तेही रेंज असेल तेव्हा. समोरासमोर बसून, रोज संध्याकाळी, नवऱ्याशी भांडायला मिळतंय, हे मला फार आवडत होतं. हे तुला सांगायचं राहिलं. मी नुसतं भांडतच राहिले.

आणि त्या शुक्रवारी भांडण कुत्र्यावरून राहिलंच नाही. तू म्हणालास, पळवायचं माझ्यावर सोड, मी आहे ना. मला एकदम कुठून राग आला कोण जाणे. मी म्हणाले, "तू असतोस कुठं? सतरा वर्षं तिकडं होतास. आता शनिवार आला की गावी औंधला, शेतावर. मनूच्या कांजिण्या, माझं ऑपरेशन, घराचं सामान दोनदा हलवणं, सगळं मी एकटीनं केलं. कुत्रंही माझ्याच गळ्यात पडणार. म्हणून मला मांडीवर बसणारं पाहिजे. कळलं?"

तुला ते लागलं. तू कप आत नेऊन विसळून ठेवलास आणि मनूला शुद्धलेखन घालत बसलास. शनिवारी सकाळी पिशवी घेऊन निघालास. दारात छाती चोळत म्हणालास, जरा जळजळतंय, काय असलं तर दे. मी पित्ताची गोळी दिली. सांगलीतल्या सगळ्या विश्रामबागेचं रक्त तपासणारी बाई मी. अडतिसाव्या वर्षी एखाद्याला धाप लागलेली दिसली तरी मी सांगते, ईसीजी काढून या. आणि बेचाळीस वर्षांच्या माझ्या नवऱ्याला मी पित्ताची गोळी दिली, कारण मी रुसलेली होते आणि मला त्याच्या तोंडाकडं बघायचं नव्हतं.

"सोमवारी ठरवू, मॅडम," जिन्यातून म्हणालास. मी हो म्हणाले नाही. दार लावून घेतलं.

रविवारी सकाळी अकराला आबांचा फोन आला. तुझ्या वडिलांनी मला आयुष्यात कधी स्वतः फोन केला नव्हता. "वैशाली, तू निघून ये. पोरीला संगं घेऊन ये," एवढंच म्हणाले. मी विचारलं, आबा, बोलताहेत का ते. तिकडून काहीच आलं नाही. मग कळलं. आल्याच्या वाफ्यात बसलास तो उठलाच नाहीस, तालुक्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं, हे नंतर इतरांनी सांगितलं. तुझ्या गावात सगळ्यांसमोर मी तुला आवं म्हणायचे. त्या दिवशी अंगणात मी तुला संदीप, संदीप म्हणून हाका मारल्या, अरे ऊठ म्हणाले. कोणी टोकलं नाही.

मनू रडली नाही. तुला बघून नाही, उचललं तेव्हा नाही, तेराव्याला नाही. बायका म्हणाल्या, पोर समजूतदार आहे. मीही दोन-चार दिवस तसंच मानलं. मग सांगलीला आलो, शाळा सुरू झाली. ती वेळेवर उठायची, युनिफॉर्मची घडी घालायची, डबा संपवायची, विचारलं तर उत्तर द्यायची. स्वतःहून एक शब्द नाही. वहीतलं ते मागचं पान तिनं कापून कुठंतरी ठेवलं, ते मला आजवर सापडलेलं नाही.

महिन्याभरानं तिच्या वर्गशिक्षिकेनं मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "वर्गात कोणी विचारलं की मनवा सांगते, बाबा ड्युटीवर आहेत. परवा तर म्हणाली, दिवाळीला सुट्टी मिळाली तर येतील. ताई, तुम्ही तिला सांगितलंय ना?"

सांगितलंय ना. तिनं तुझ्या तोंडात पाणी घातलं होतं, संदीप. पण सात वर्षं तिच्या तोंडी तेच वाक्य होतं आणि ते खरं होतं. आता ती पुन्हा त्याच वाक्यात जाऊन बसली होती आणि मला आत शिरायला दार सापडत नव्हतं. मी लॅबच्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि ओढणी तोंडात कोंबून ओरडले. मग तोंड धुऊन बाहेर आले, कारण बाहेर अकरा माणसं उपाशीपोटी रक्त द्यायला बसली होती.

डॉक्टर झाले, समुपदेशन करणाऱ्या एक बाई झाल्या. त्या म्हणाल्या, वेळ द्या. किती वेळ ते कोणी सांगेना. तेव्हा मला कुत्रं आठवलं. बुडताना हाताला लागेल ते धरतात तसं मी ते धरलं. तू मलकापूरच्या एका गृहस्थांचा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवला होतास. त्यांच्याकडं जॅक रसेलची वीण होती, आणि भावजयीनं पाळलेल्या यॉर्कीची दोन पिल्लं. फोन केला तर म्हणाले, "फौजी साहेब कुठायत? ते येणार होते की." मी म्हणाले, मी येते.

कऱ्हाडच्या एसटीत मनू खिडकीशी बसली. "मनू, आज आपण ठरवूनच टाकू. तू सांगशील ते," मी म्हणाले. "तुम्ही दोघं ठरवा," ती म्हणाली. तुम्ही दोघं.

मलकापुरात त्यांचं घर हमरस्त्यापासून आत होतं. मागं पत्र्याची शेड, स्वच्छ, फिनाइलचा वास. जॅक रसेलची पिल्लं जाळीवर चढत होती, एकमेकांचे कान ओढत होती. यॉर्कीची दोन काळी-तांबूस पिल्लं टोपलीत झोपली होती, मुठीएवढी. त्या गृहस्थांनी एक उचलून माझ्या ओंजळीत ठेवलं. ते जागंही झालं नाही. गरम, मऊ, नाकाचा ओला ठिपका माझ्या मनगटाला. मला हेच हवं होतं. मी मनूकडं बघितलं. ती जाळीसमोर उकिडवी बसली होती, हात गुडघ्यांवर, कशालाच न लावता.

"काका," तिनं विचारलं, "यातलं जास्त वर्षं कुठलं जगतं?"

आपण दोघांनी किती मुद्दे काढले होते. केस, भुंकणं, वजन, उन्हाळा, जिना. हा मुद्दा आपल्याला सुचलाच नव्हता.

"दोन्ही सारखीच की, बाळ," ते म्हणाले. "तेरा, चौदा, पंधरा वर्षं. नीट सांभाळलं तर."

"नीट सांभाळलं तर म्हणजे?"

"म्हंजे खाणंपिणं, सुया, दुखलंखुपलं तर वेळेत डॉक्टरकडं न्यायचं."

मनू उठली, फ्रॉक झटकला. "मग आमच्याकडं नको," म्हणाली आणि गेटकडं चालू लागली.

ते गृहस्थ माझ्याकडं बघायला लागले. त्यांना काय कळणार. माझ्या ओंजळीतलं झोपलेलं पिल्लू मी त्यांच्या हातात परत दिलं. मनूला माहीत होतं. गोळी देताना ती तिथंच दारात होती, बुटाची नाडी बांधत. इतके दिवस ती एकटी हे पोटात घेऊन फिरत होती, आणि मला वाटत होतं की ते फक्त माझ्याच पोटात आहे.

शहाणी बाई तिथून रिकाम्या हातानं परतली असती. नाहीतर निदान यॉर्की घेतलं असतं, घर, नोकरी, एकटेपण बघून तेच बरोबर होतं. माझा प्रत्येक मुद्दा आता दुपटीनं खरा झाला होता. पण समोर भांडायला माणूस नसला की स्वतःची बाजू हातात धरवत नाही, संदीप. ती मऊ, शांत, माझी जिंकलेली बाजू घेऊन मी या घरात रोज कशी राहणार होते? मी जाळीकडं बोट केलं आणि म्हणाले, ते डोळ्यावर डागवालं द्या.

एसटीत कंडक्टर कुरकुरला. खोक्यात ते सांगलीपर्यंत भुंकत आलं. मनूनं एकदाही खोक्याकडं बघितलं नाही.

पुढचे दहा दिवस मी तुला जितक्या शिव्या दिल्या तितक्या चौदा वर्षांत दिल्या नसतील. पहाटे साडेपाचला ते भुंकून उठवतं. मी गाऊनवर ओढणी घेऊन जिना उतरते, ते पट्टा ओढत पुढं, मी फरफटत मागं. सातला लॅब. दुपारी घरी येऊन पुन्हा खाली. संध्याकाळी पुन्हा. सोफ्याचा एक कोपरा गेला, तू म्हणायचास तो जुनाच होता. शेजारच्या वहिनींनी दोनदा येऊन सांगितलं की भुंकण्याचा त्रास होतो. मनू त्याला हात लावत नव्हती. नाव ठेवू या म्हटलं तर म्हणाली, नको. ते तिच्या पायाशी चेंडू आणून टाकायचं, ती पाय वर घ्यायची. एकदा जिन्यात बसून मी त्याच्यावर ओरडले, अरे मला मारून टाकशील का तू. ते शेपटी हलवत राहिलं. मला त्याचा राग येत होता, तुझा येत होता, आणि कुठं ठेवायचा तो राग ते कळत नव्हतं.

शनिवारी आबा आले. ज्वारीचं पीठ, घेवडा, पिशवीत आलं. तुझ्या आल्याच्या वाफ्यातलं. कुत्र्याकडं बघून म्हणाले, "ह्येच व्हय ते? मांजराएवढं हाय की." त्यांनी धोतराच्या सोग्याशी त्याला खेळू दिलं. मनू क्लासला गेल्यावर मी चहा दिला, तर कप तसाच धरून बसले.

"वैशाली, तुला एक सांगायचं हाय," म्हणाले. "शनवारी सांजचं संदीप म्हनला हुता, छातीत जड वाटतंय. मी म्हनलो, चल तालुक्याला दावूया. तर म्हनला, सोमवारी वैशालीच्या लॅबमधी दावतो, तिला बी बरं वाटंल. मी म्हनलो, बरं. म्या नेला असता तर ग. हात धरून नेला असता."

"आबा, त्या आधी सकाळी त्यांनी मला सांगितलं होतं. मी पित्ताची गोळी दिली."

मग चहा खाली ठेवून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. जड, खरबरीत हात. "आता ह्ये दोघांत वाटून घेऊ," म्हणाले. "एकट्याला न्हाई उचलायचं." मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडले. सुनेनं सासऱ्याच्या गुडघ्यावर डोकं टेकायची आपल्याकडं रीत नाही, पण तू नव्हतास बघायला. तुझ्या माणसांबद्दल मी कधीकधी वाकडं बोलले, ते माफ कर. मला असे सासरे तुझ्यामुळं मिळाले.

रविवारी संध्याकाळी ते निघाले. मी पिशवी द्यायला दारात गेले, दार उघडं राहिलं, आणि कुत्रं माझ्या पायांमधून सुटलं. जिना, फाटक, रस्ता. मी ओरडायच्या आत मनू माझ्या बाजूनं गेली. अनवाणी, हातात पेन्सिल तशीच. मिरजेच्या रस्त्याला त्या वेळी किती गाड्या असतात तुला माहीत आहे. मी धावत होते आणि मला फक्त तिची पाठ दिसत होती. ती "ए, ए" एवढंच ओरडत होती. तिला हाक मारायला नावच नव्हतं.

कोपऱ्यावर ते मोठ्या रस्त्याकडं न जाता मोकळ्या प्लॉटमध्ये वळलं, उंदराच्या वासानं असेल, आणि सिमेंटच्या पाइपात शिरलं. मी पोचले तेव्हा मनू पालथी पडून पाइपात तोंड घालून बोलत होती. आधी हळू. "ये ना. बाहेर ये. मी काही करणार नाही." मग आवाज चढत गेला. "असं न सांगता जातात का रे? दार उघडं दिसलं की जायचं का? घरी माणसं असतात. घरी माणसं वाट बघत असतात ना."

आणि तिथून ती रडायला लागली. पोटातून, ओकारी आल्यासारखी. दोन महिन्यांचं सगळं. मी मातीत बसले, तिला ओढून मांडीवर घेतलं. ती मला मारत होती, मुठींनी, खांद्यावर, गळ्यावर. "तू का नाही नेलंस त्यांना? तू डॉक्टरकडं का नाही नेलंस?" मी म्हणाले, "चुकलं माझं, मनू." तिला रडू नको म्हणाले नाही. आबा कधीतरी मागून येऊन उभे होते, चप्पल हातात घेऊन. कुत्रं पाइपाच्या दुसऱ्या तोंडानं निघून, चिखलानं माखून, आमच्या शेजारी येऊन बसलं होतं. ते कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

रडून थकल्यावर तिनं त्याच्याकडं बघितलं. "हे पण एक दिवस जाईल ना, आई?"

तू असतास तर काहीतरी बोलला असतास, तिला हसवलं असतंस. मला खोटं बोलवेना. "हो," म्हणाले.

"मग कशाला आणलंस?"

मला उत्तर आलं नाही. अजूनही येत नाही. तुला येत असेल तर कसंही करून कळव. मी दिवसभर सुया टोचते, रिपोर्ट लिहिते, घरी येते, आणि हा प्रश्न मला घरात बसलेला सापडतो.

त्या संध्याकाळी ते चिखलाचं कुत्रं मनूनं उचललं, दोन मजले उचलून वर आणलं, माझ्या हातात दिलं नाही. बादलीत बसवून धुतलं. तुझा जुना टॉवेल काढून पुसलं. नाव मात्र अजून ठेवलेलं नाही.

आज सकाळी साडेपाचला मला भुंकणं ऐकू आलं नाही. दचकून उठले, बाहेर आले. मनू दाराशी बसली होती. पायात चप्पल, हातात पट्टा, कुत्रं शेजारी, दाराकडं तोंड करून.

"आई," ती म्हणाली, "बाबा वारले ना?"

दोन महिन्यांत तिनं तो शब्द पहिल्यांदा उच्चारला. मी म्हणाले, "हो, बाळा."

"मग याला आपणच न्यायला पाहिजे," ती म्हणाली, आणि कडी काढायला उभी राहिली.

मी चप्पल घातली.